गळतीच्या बाजूनं

कवळीचे दात बसवायचा माझा चिमटा
आता फिटोनियाची मुळं धरतो.
बत्तीस वर्षं टिळक रोडच्या लॅबमध्ये
मेणाच्या हिरडीत एकेक दात रोवला.
तेव्हा कुणी म्हटलं असतं,
म्हातारपणी बेडकांसाठी बाग लावशील,
तर हसलो असतो, तोंड मिटून.

सुहृद हॅलिफॅक्सला गेला.
म्हणाला, बाबा, दोनच वर्षं,
आणि तीन फुटी काचेची पेटी
माझ्या टेबलावर ठेवून गेला.
आत सुभेदार आणि ठकी,
हिरवे, गलेलठ्ठ, वंशानं ऑस्ट्रेलियाचे,
जन्म चेन्नईतल्या कुठल्याशा खोलीतला.
आणि एक प्लास्टिकची वेल.

ती वेल मी दर रविवारी धुतली,
कवळी धुवावी तशी, ब्रशनं.
मग एका रविवारी परत लावलीच नाही.

तळाला विटांचे तुकडे. त्यावर जाळी
(बोहरी आळीत मीटरवर मिळते, घासाघीस करावी लागते).
वर कोळसा, नारळाचा भुसा, मूठभर वाळू.
खत नाही.
ही जात कातडीनं पाणी पिते,
मातीत जे घालाल ते तिच्या अंगात.
मांजरीच्या नर्सरीत इलाही तांबोळी म्हणाला,
काका, फवारलेलं आहे सगळं, खोटं कशाला बोलू,
महिनाभर बाहेर ठेवा, पानं पुसा, माती झटका.
मग महिनाभर गॅलरीत तीन कुंड्या,
आणि मी फडकं घेऊन, पानापानाशी.

पहिली बाग कुजली.
दिवसातून चारदा फवारा मारत होतो,
दुसरं काय करायचं ते माहीत नव्हतं.
नेचा काळा पडला, मनीप्लांटसुद्धा पिवळा,
जो म्हणे कुणाकडूनच मरत नाही.
भुशावर कापसासारखी बुरशी धरली.
मग तिळाहून बारीक पांढरे किडे कुठून आले देव जाणे,
आठवड्यात त्यांनी बुरशी खाऊन टाकली.
मी काहीच केलं नव्हतं.
तेव्हापासून फवारा दिवसातून एकदाच.

आता सिंगोनियम काचेला टेकलाय.
सुभेदार दिवसभर त्याच्या मागे, ओल्या साबणासारखा.
ठकी मात्र रोज रात्री फिटोनियावर बसते,
सकाळी तिथे तिच्या बुडाच्या आकाराचा खड्डा.
चारदा लावलं.
पाचव्यांदा रोप उचलून कोपऱ्यात नेलं,
आणि तिच्या जागी सपाट दगड ठेवला.
दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यात.

बुधवारी रात्री दोन बादल्या भरतो,
गुरुवारी पाणी बंद असतं.
क्लोरीन उडायला एक रात्र लागते.
गेल्या गुरुवारी वरच्या शिलेदार बाई कळशी घेऊन आल्या,
अर्धी बादली द्या म्हणाल्या.
एक दिली. दुसरीकडे त्यांचं लक्ष गेलं,
तेव्हा मी दारात जरा आडवा उभा राहिलो.

शेवाळ विकत आणलं नाही.
आमच्या सोसायटीची गच्चीवरची टाकी
तीन वर्षं एका सांध्यातून पाझरते,
तिथे भिंतीवर हिरवं मखमल चढलंय.
जुन्या मेण-चाकूनं तळहाताएवढं सोडवतो,
धुऊन, निथळून पेटीत अंथरतो.
महिन्याभरात ते भुसा धरतं.
त्यात मागच्या पंधरवड्यात
नखाएवढा एक नेचा उगवला,
मी न लावलेला.
सुहृदला फोनवर दाखवला.
त्याला काही दिसलं नाही. म्हणाला,
ठकी जाड झालीये, बाबा.

रविवारी सर्वसाधारण सभा, विषय तिसरा:
टाकीची गळती, वॉटरप्रूफिंग, माणशी अठराशे.
सेक्रेटरी बोरावके म्हणाले, विरोधात कोण?
तीन वर्षं या गळतीवर
सगळ्यात जास्त ओरडलेला माणूस मीच.

खुर्चीत जरा सरकलो.
नखांत अजून हिरवं होतं.
हात वर केला,
पुरता नाही, कोपरापर्यंत.